घटक ६ : नियमाची भाषा आणि नियमाची किंमत (रासायनिक सुरक्षेच्या नियमांचे आर्थिक व आरोग्यविषयक मूल्यमापन)

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :

• कीटकनाशकाच्या वेष्टनावरील मजकूर एक भाषिक व्यवहार म्हणून वाचता येईल.
• ‘धोका’ आणि ‘जोखीम’, ‘बचत’ आणि ‘हस्तांतर’ या संज्ञांतील भेद सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• एखाद्या नियमाचे फायदे-तोटे मांडणाऱ्या अहवालात कोणाचा खर्च लिहिला गेला आणि कोणाचा राहून गेला, हे तपासता येईल.
• कर्ता गाळलेली प्रशासकीय वाक्ये ओळखून ती कर्त्यासह पुन्हा लिहिता येतील.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात कीटकनाशकांचा पाठ कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. त्याचे उत्तर एखाद्या ग्रंथात शोधण्यापेक्षा मुरबाडच्या किंवा शहापूरच्या बाजारपेठेतील कोणत्याही कृषी सेवा केंद्रात पाच मिनिटे उभे राहून शोधावे. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, “भेंडीवर मारायला औषध द्या.” दुकानदार फळीवरची बाटली काढून देतो. त्या बाटलीवर कायद्याने छापावयास लावलेला शब्द असतो : ‘विष’. मागणाऱ्याच्या तोंडी औषध, बाटलीच्या अंगावर विष. एकाच वस्तूला दोन परस्परविरोधी नावे आहेत आणि दोन्ही मराठीच आहेत.

‘औषध’ या शब्दाच्या ग्रामीण वापराकडे थोडे बारकाईने पाहा. ‘औषध लागू पडले’ म्हणजे गुण आला. ‘औषध लागले’ म्हणजे फवारणाऱ्याला बाधा झाली. ‘औषध प्यायला’ म्हणजे काय, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. क्रियापद बदलताच नामाचा अर्थ उपकारकापासून मारकापर्यंत जातो. पिकाच्या दृष्टीने पाहिले तर ‘औषध’ हा शब्द चुकीचा म्हणता येत नाही. पिकाला कीड लागते, म्हणजे पीक आजारी पडते आणि आजारावर औषध दिले जाते. मात्र या रूपकात फवारणाऱ्या माणसाला जागाच नाही. नियमनाचा पहिला अडथळा येथेच, शब्दात, सुरू होतो.

या घटकात आपण मुख्यत्वे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांचा विचार करणार आहोत. मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. मुंबई-नाशिक महामार्ग शहापुरातून कसाऱ्याच्या घाटाकडे जातो, तर कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाडातून जातो; दोन्ही रस्त्यांवरून रसायनांचे टँकर धावतात. तरीही येथील बहुसंख्य माणसांचा रसायनाशी रोजचा संबंध येतो तो भातखाचरात आणि भाजीच्या वाफ्यात. म्हणून आपणही तेथूनच सुरुवात करू.

६.२ कायदा कोठून आला आणि तो वेष्टनावर काय लिहितो

भारतातील कीटकनाशक कायद्यामागे एक दुर्घटना आहे. १९५८ साली केरळात आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्नपदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. विष आणि धान्य यांची वाहतूक एकत्र झाली होती. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर स्वतंत्र कायद्याची गरज मान्य झाली आणि पुढे कीटकनाशक अधिनियम, १९६८ व कीटकनाशक नियम, १९७१ अस्तित्वात आले. दुर्घटना आणि नियम यांत तेरा वर्षे गेली, हे ध्यानात ठेवा. मूल्यमापनाच्या चर्चेत हा काळही खर्चातच धरावयास हवा.

या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर ४५ अंशांत कलता ठेवलेला एक चौकोन छापावा लागतो. लेबलच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा त्याने व्यापला पाहिजे. चौकोनाचे दोन त्रिकोण पडतात : वरच्यात इशारा, खालच्यात रंग. रंग चार आहेत. अत्यंत विषारी द्रव्यासाठी लाल, तीव्र विषारीसाठी पिवळा, मध्यम विषारीसाठी निळा आणि किंचित विषारीसाठी हिरवा. पहिल्या दोहोंसाठी ‘विष’ हा शब्द, तिसऱ्यासाठी ‘धोका’ आणि चौथ्यासाठी ‘सावधान’ अशा अर्थाचा इशारा असतो.

चिन्हमीमांसेच्या घटकात आपण पाहिले की चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो आणि तो समाजाच्या संकेताने ठरतो. येथे त्याची प्रचीती येते. हिरवा रंग पाहताच आपल्या मनात रस्त्यावरचा दिवा येतो : वाट मोकळी आहे. कायद्याच्या संकेतात मात्र हिरवा म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. ‘विषारीच, पण कमी’. पिवळ्याचेही तसेच. दिव्याच्या भाषेत पिवळा म्हणजे ‘थांबण्याची तयारी करा’. बाटलीच्या भाषेत तो लालच्या खालोखाल मारक. दोन संकेतव्यवस्थांची अशी टक्कर होते तेव्हा माणूस रोजच्या सवयीच्या व्यवस्थेनेच अर्थ लावतो.

नियमांतील दोन तरतुदी भाषेच्या अभ्यासकाने विशेष पाहण्याजोग्या आहेत. पहिली अशी की लेबल आणि माहितीपत्रक हिंदी व इंग्रजीबरोबरच, जेथे माल विकला जाण्याची शक्यता आहे तेथील एक किंवा दोन प्रादेशिक भाषांत छापले पाहिजे. म्हणजे आपल्याकडे मराठीत. परंतु कातकरी, वारली, ठाकूर समाजांतील ज्या मजुरांच्या पाठीवर प्रत्यक्ष पंप असतो, त्यांच्या घरातली बोली छापील मराठीपासून बरीच दूर आहे, आणि अनेकांचा अक्षराशी संबंध शाळेच्या दोन-तीन इयत्तांपुरताच आलेला आहे. ‘प्रादेशिक भाषा’ हा शब्द कायद्यात जितका समावेशक वाटतो तितका तो शेतात नसतो.

दुसरी तरतूद मला कायद्यातील सर्वांत शहाणी तरतूद वाटते. ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे शब्द लेबलवर वापरण्यास मनाई आहे. ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास’ अशी पुस्ती जोडूनही ते वापरता येत नाहीत. ज्याने हा नियम लिहिला त्याला भाषेचा स्वभाव ठाऊक होता. ‘सूचनेप्रमाणे वापरल्यास सुरक्षित’ हे वाक्य वाचणारा ‘सुरक्षित’ एवढेच लक्षात ठेवतो. अट विसरली जाते, विशेषण उरते.

आता माहितीपत्रकाविषयी. शहापूर येथील एका संपर्क सत्रात एका विद्यार्थ्याने घरातल्या बाटलीसोबत आलेला कागद आणला होता. उलगडल्यावर तो बाकभर झाला. मजकूर अनेक भाषांत होता, मराठीही होती. पण अक्षर इतके बारीक की माझ्या चष्म्यालाही ते दाद देईना. शेवटी एका विद्यार्थिनीने मोबाइलने छायाचित्र काढून ते मोठे केले, तेव्हा वाचन सुरू झाले. पहिल्याच ओळीत ‘श्वसनमार्गे अंतर्ग्रहण झाल्यास’ असे शब्द होते. ‘श्वासावाटे शरीरात गेल्यास’ असे लिहिले असते तर जागा फारशी अधिक लागली नसती. नियमाचे पालन पूर्ण झाले होते. संवाद मात्र झाला नव्हता.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : ‘नियमाचे पालन’ आणि ‘संवाद’ यांतील फरक तुमच्या पाहण्यातील एखाद्या सूचनाफलकाच्या आधारे ८-१० ओळींत लिहा.

६.३ धोका आणि जोखीम

मराठीत आपण हे दोन शब्द सहज अदलाबदलीने वापरतो. नियमनाच्या शास्त्रात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पदार्थाच्या अंगी असलेली अपाय करण्याची क्षमता म्हणजे धोका. त्या पदार्थाशी कोणाचा, किती, किती वेळ आणि कशा प्रकारे संबंध येतो यावरून प्रत्यक्ष अपाय होण्याची जी शक्यता ठरते ती जोखीम. गोठ्याच्या आढ्यात नाग असणे हा धोका आहे. त्याच गोठ्यात रोज पहाटे अंधारात धार काढावयास जावे लागणे ही जोखीम आहे. नाग एकच असला तरी घरातील प्रत्येकाची जोखीम सारखी नसते.

लेबलवरचा रंग फक्त धोका सांगतो, आणि तोही एका प्रकारचा. ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तोंडावाटे दिलेल्या विषासाठी ही मात्रा १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा रंग येतो. (आकडा जितका लहान तितके विष जहाल. हे परीक्षेत हमखास उलटे लिहिले जाते.) ही मोजणी तत्काळ होणाऱ्या विषबाधेची आहे. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात गेल्याने काय होते, हे त्या रंगातून कळत नाही.

या भेदाअभावी झालेला एक जागतिक गोंधळ पाहा. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते कर्करोगकारक असण्याची शक्यता कमी असल्याचा निष्कर्ष काढला. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला वाटले, दोघांपैकी एक खोटे बोलतो. वस्तुतः दोघांनी पाहिलेला पुरावा पूर्णपणे एकच नव्हता आणि विचारलेला प्रश्नही एकच नव्हता. पहिल्या संस्थेचे काम पदार्थाच्या अंगी ती क्षमता आहे काय हे पाहणे. प्रत्यक्ष वापरात किती जणांना अपाय होईल हे सांगणे तिच्या कामाचा भाग नाही. यावरून ग्लायफोसेट निर्धोक आहे असे ठरत नाही, घातक आहे असेही ठरत नाही. बातमी वाचताना ‘प्रश्न कोणता विचारला होता?’ हे आधी पाहावे, इतकेच येथे सांगावयाचे आहे.

६.४ एका तणनाशकाचा हिशेब

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीची जुनी पद्धत तुमच्यापैकी अनेकांना घरातूनच ठाऊक असेल. राब भाजायचा, रोपे करायची, पाऊस लागला की चिखलणी करून लावणी करायची आणि मग कमरेत वाकून तण काढायचे. या साऱ्याला माणसे लागतात. मुंबई, कल्याण, भिवंडी जवळ असल्यामुळे ती नेमक्या वेळी मिळत नाहीत. मुरबाडला लागून असलेल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले ‘सगुणा राइस तंत्र’ या अडचणीवरचा एक उपाय म्हणून पुढे आले. त्यात नांगरणी, चिखलणी आणि लावणी नसते. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर साच्याने खुणा करून बी टोकायचे, पीक कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवायची. जमिनीची धूप थांबते, श्रम वाचतात. मात्र तणाचा आणि खोडक्यांच्या फुटव्याचा बंदोबस्त करण्यासाठी तणनाशक वापरले जाते, आणि त्यांत ग्लायफोसेट प्रमुख आहे.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने आदेश काढला : ग्लायफोसेटचा वापर कीड-नियंत्रण चालकांमार्फतच व्हावा, इतर कोणी करू नये. माणसांच्या व जनावरांच्या आरोग्याला असलेला धोका हे कारण देण्यात आले. कीड-नियंत्रण चालक म्हणजे परवानाधारक व्यावसायिक, जे शहरात वाळवी-झुरळांसाठी बोलावले जातात. डोळखांब, किन्हवली किंवा टोकावडे परिसरात एकरभर भाताच्या खाचरासाठी असा चालक बोलावणे व्यवहारात कितपत शक्य आहे, याचा विचार तुम्हीच करा.

या आदेशाचे मूल्यमापन कसे करावे? पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. ते पाहणीतून आलेले नाहीत.

समजा, एका एकरातील तण हाताने काढण्यास १० मजूर-दिवस लागतात आणि मजुरी ४०० रुपये आहे. खर्च ४,००० रुपये. तणनाशक व फवारणी मिळून १,००० रुपये लागतात. तेव्हा तणनाशकामुळे शेतकऱ्याचे ३,००० रुपये वाचतात, आणि आदेश पाळला तर तेवढाच त्याचा तोटा होतो. बहुतेक अहवाल येथे थांबतात आणि ‘एकरी ३,००० रुपयांचे नुकसान’ असे लिहितात.

आपण थांबू नये. ते ४,००० रुपये कोणाला मिळत होते? तण काढणाऱ्या बायांना, म्हणजे बहुधा शेजारच्या आदिवासी पाड्यावरील मजूर स्त्रियांना. शेतकऱ्याची बचत हा त्यांचा बुडालेला रोजगार आहे. समाजाच्या एकूण हिशेबात हा पैसा निर्माण झाला नाही किंवा नष्टही झाला नाही. तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. याला ‘हस्तांतर’ म्हणतात. खरी बचत म्हणायची ती त्या बायांना त्याच दिवशी दुसरे काम मिळत असेल तर. मिळत नसेल, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्यापूर्वी हातात येणारी तीच एक रोकड असेल, तर ‘बचत’ हा शब्द वापरताना लेखणी अडखळली पाहिजे.

आता आरोग्याची बाजू. समजा, फवारणी करणाऱ्या दहा मजुरांपैकी एकाला चक्कर, उलटी, डोळ्यांची आग असा त्रास होऊन तीन दिवस घरी बसावे लागते. बुडालेली मजुरी १,२०० आणि डॉक्टर, गोळ्या, जीपभाडे मिळून ८०० धरा. एकूण २,००० रुपये. दहांतून एकाला, म्हणजे सरासरी प्रत्येक फवारणीमागे २०० रुपये. हे २०० त्या ३,००० समोर ठेवले की नियम ‘परवडत नाही’ असे दिसते. गणित बरोबर आहे. पण सरासरी नावाचा मजूर कोणत्याच पाड्यावर राहत नाही. ज्याला त्रास झाला त्याचे पूर्ण २,००० गेले आणि तो ३,००० वाचवणारा शेतकरी नव्हे. लाभ एकाच्या वहीत आणि हानी दुसऱ्याच्या शरीरात अशी विभागणी झाली असताना दोहोंची वजाबाकी करून एकच आकडा देणे हा हिशेब नव्हे, हिशेबाचा आभास आहे.

याहून अवघड भाग दूरच्या परिणामांचा. अर्थशास्त्रात भविष्यातील रकमेची आजची किंमत काढताना वटाव धरतात. वीस वर्षांनी होणाऱ्या १,००,००० रुपयांच्या हानीची आजची किंमत दरसाल १० टक्के वटावाने सुमारे १४,८६४ रुपये येते. ३ टक्के धरला तर सुमारे ५५,३६८ रुपये. आजार तोच, माणूस तोच, फक्त टक्का बदलला आणि किंमत साडेतीन पटींहून अधिक झाली. अहवालाच्या तळटीपेत दडलेला हा एक टक्का नियम तारतो किंवा मारतो. मी भाषेचा अभ्यासक आहे, अर्थतज्ज्ञ नव्हे. तरीही मला वाटते की तो टक्का पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत छापला पाहिजे, आणि तो का निवडला हे एका साध्या वाक्यात सांगितले पाहिजे.

शेवटी, ज्याची नोंद नाही त्याचे काय? शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचते ती गंभीर विषबाधा. फवारणीनंतर डोके दुखले म्हणून गूळपाणी पिऊन झोपलेला माणूस कोणत्याही रजिस्टरात नसतो. हंगामानंतर तो स्थलांतर करतो. पुढच्या आजाराचा धागा जुन्या फवारणीपर्यंत कोणी मागे नेत नाही. म्हणून ‘विषबाधेची नोंद आढळली नाही’ आणि ‘विषबाधा झाली नाही’ ही दोन वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिले वाक्य रजिस्टराविषयी बोलते, दुसरे माणसाविषयी.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : वरील उदाहरणात शेतकरी, तण काढणारी मजूर स्त्री, फवारणी करणारा मजूर आणि दुकानदार यांच्या चार स्वतंत्र वह्या कल्पून प्रत्येकीत जमा-खर्च लिहा. चारही वह्यांची बेरीज न करता निष्कर्ष मांडा.

६.५ यवतमाळ, २०१७ : हरवलेला कर्ता

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वरून अंगावर येत होता. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली गेली. १९६८ च्या अधिनियमानुसार राज्य शासनाला अशी बंदी मुळात ६० दिवसांपुरतीच घालता येते. नोंदणी रद्द करणे केंद्राच्या हाती. हंगाम संपतो, बंदीही संपते.

त्या काळातील जाहीर चर्चेत एक वाक्य वारंवार आले : शेतकऱ्यांनी हातमोजे, मुखपट्टी वापरली नाही. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात कर्ता स्पष्ट आहे. आता दुसरीकडे पाहा. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे, आणि तिचा आशय असा की कीटकनाशक हाताळणाऱ्या व्यक्तींना योग्य कपड्यांनी पुरेसे संरक्षण दिलेले असावे. कोणी दिलेले? त्या वाक्यात कर्ता नाही. दोष देणारे वाक्य कर्तरी आणि जबाबदारी सांगणारे वाक्य कर्मणी, ही केवळ शैलीची निवड नव्हे. त्याच नियमांत प्रशिक्षणाची तरतूद करताना मात्र उत्पादक, वितरक आणि चालक यांनी प्रशिक्षणाची व्यवस्था करावी असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे कर्ता लिहिता येतो. लिहिला की प्रश्नही विचारता येतो : यवतमाळच्या किंवा मुरबाडच्या शेतमजुराला असे प्रशिक्षण कोणी, कधी दिले?

पत्रकावरील मराठीतही हेच दिसते. ‘संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा’, ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करण्यात येऊ नये’, ‘रिकामी वेष्टने नष्ट करण्यात यावीत’. ‘करण्यात यावे’ हा आपल्या प्रशासकीय मराठीचा लाडका प्रयोग आहे. तो सभ्य वाटतो, आणि त्यात कोणी कोणाला सांगत नाही. पुढील रूपांतर पाहा :

मूळ : रिकामी वेष्टने नष्ट करण्यात यावीत.
पुनर्लेखन : रिकामी बाटली फोडा आणि घर, विहीर, ओढा यांपासून दूर पुरा. तीत पाणी, तेल, रॉकेल काहीही भरू नका.

दुसरे वाक्य लांब आहे. पण त्यात करणारा आहे, कृती आहे आणि गावातली प्रत्यक्ष चूक नेमकी सांगितली आहे. ही चूक किती महाग पडते हे जुलै २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात दिसले. शाळेतील माध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेल्याने २३ मुले दगावली. स्वयंपाकाचे तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेल्याचे सांगितले गेले.

जाता जाता टँकरविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अनुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे. भाषिक क्षमतेला सुरक्षेची अट मानणारा हा नियम आहे. कसाऱ्याच्या घाटात उलटलेल्या टँकरजवळ प्रथम धावत जाणाऱ्या गावकऱ्याला त्यावरील सूचनाफलक वाचता येतो काय, याबद्दल तसा नियम नाही.

६.६ नियम कडक केल्याने उत्पन्न बुडते काय?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. उत्तर पदार्थागणिक वेगळे येते. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉस आणि १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद केले. १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, आणि अभ्यासकांना पिकांच्या उत्पादनात या बंदीमुळे घट झाल्याचे आढळले नाही. कमी जहाल पर्याय उपलब्ध होते, हे त्याचे एक कारण. मुरबाडच्या भातखाचरात ग्लायफोसेटऐवजी काय, याचे उत्तर इतके सोपे नाही. तेथे पर्याय म्हणजे वाकलेली कंबर किंवा दुसरे एखादे तणनाशक.

आपल्याकडे मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ पासूनच बंद आहे, पण कपाशीसाठी ते विकले जात राहिले. एका पिकासाठी कायदेशीर असलेली बाटली शेजारच्या वाफ्यात जाऊ नये यासाठी मध्ये फक्त लेबलचा कागद उभा होता. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा प्रसिद्ध केला. हरकतींनंतर २०२३ मध्ये त्यांतील मोजक्यांवरच बंदी आली. ज्यांच्याकडे हरकत लिहिण्यासाठी वकील, तज्ज्ञ आणि आकडे असतात त्यांच्या हरकती मुदतीत पोहोचतात. पाड्यावरून हरकत येत नाही, याचा अर्थ तेथे हरकत नाही असा नव्हे. ६.४ मधील नोंदीविषयीची दोन वाक्ये येथे पुन्हा वाचावीत.

नियमाची दुसरी बाजू बाजारात दिसते. शहापूर-मुरबाडमध्ये भातानंतर भेंडी घेतली जाते, आणि काही शेतकऱ्यांचा माल निर्यातीच्या व्यापाऱ्यांकडे जातो. ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याचा अंश युरोपीय संघात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. ही मर्यादा ओलांडली तर माल परत फिरतो किंवा नष्ट होतो आणि तोटा लगेच रुपयांत मोजला जातो. त्यामुळे निर्यात करणारा शेतकरी फवारणी आणि तोडणी यांतील दिवस काटेकोर मोजतो, वही ठेवतो. परदेशातील खाणाऱ्याच्या पोटाची काळजी अशी बाजारभावात उतरली आहे. स्थानिक बाजारातल्या भेंडीला तीच वही लागत नाही, आणि दोन्ही वाफ्यांत पंप घेऊन फिरणारा मजूर तर एकच असतो. त्याच्या श्वासाची मर्यादा या वहीत कोठेच नाही.

६.७ पारिभाषिक शब्द

परिणाम-मूल्यमापन : नियम लागू करण्यापूर्वी किंवा केल्यानंतर त्याचे लाभ व हानी मोजून मांडण्याची प्रक्रिया.
तीव्र विषबाधा : एकदाच किंवा थोड्या काळात झालेल्या संपर्काने लगेच दिसणारी बाधा.
दीर्घकालीन बाधा : अल्प प्रमाणातील संपर्क वारंवार झाल्याने उशिरा प्रकटणारी बाधा.
वटाव : भविष्यातील रकमेची आजची किंमत काढताना केली जाणारी घट.
अवशेष मर्यादा : अन्नपदार्थात कायद्याने चालवून घेतलेले रसायनाचे कमाल प्रमाण.

६.८ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘औषध’ आणि ‘विष’ या शब्दांच्या ग्रामीण व कायदेशीर वापरातील विरोध अर्थविज्ञानाच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘सुरक्षित’ या शब्दावरील बंदीचे भाषिक कारण सांगा. असाच एखादा शब्द अन्य कोणत्या जाहिरातीतून वगळावा असे तुम्हाला वाटते?

३. पुढील वाक्ये कर्त्यासह, आज्ञार्थी आणि बोलीच्या जवळच्या मराठीत पुन्हा लिहा : (अ) द्रावण तयार करताना त्वचेशी संपर्क टाळण्यात यावा. (आ) फवारणीपश्चात विहित कालावधीपर्यंत क्षेत्रात प्रवेश निषिद्ध राहील. (इ) बाधेची लक्षणे आढळल्यास वैद्यकीय साहाय्य घेण्यात यावे.

४. एखाद्या वृत्तपत्रातील रसायनविषयक बातमीत ‘धोका’ हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे ते तपासा. ‘जोखीम’ हा शब्द वापरल्यास अर्थ बदलतो काय, हे लिहा.

५. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील कृषी सेवा केंद्रातून कोणत्याही एका उत्पादनाचे माहितीपत्रक मागून घ्या. बाटली उघडू नका. पत्रकातील मराठी मजकूर वहीत मोठ्या अक्षरांत उतरवा. प्रत्यक्ष फवारणी करणाऱ्या एका व्यक्तीला तो वाचून दाखवा. जे शब्द त्यांनी पुन्हा विचारले त्यांची यादी करा आणि त्या शब्दांऐवजी त्यांनी स्वतः सुचविलेले शब्द त्यासमोर लिहा. व्यक्तीचे नाव लिहू नये. यादी संपर्क सत्राला सोबत आणावी.